राईच्या शिवेवरचा दगड

देवाला मी मानत होतो, पण आमच्या दोघांच्या व्यवहारात वेळापत्रक माझं असावं असा माझा हट्ट होता. नंदुरबारच्या शाळेत मास्तरकी करून अंगात मुरलेली ती खोड. त्या वर्षी पावसाळ्यात माझी सात वर्षांची कमळी तापातून उठली ती मुकी होऊनच. ऐकायची सगळं, खायची, मान हलवायची, पण तोंडातून शब्द नाही. वैद्य झाले, डॉक्टर झाले. मिरची तोडायला डोंगरातून उतरलेल्या एका बाईनं माझ्या बायकोला सांगितलं, मोलगीच्या पलीकडे राखीव रानात देवीची फार जुनी राई आहे, तिथल्या त्या मायपुढे पोरीला बसव. पण न विचारता जायचं नाही. घरची मूठभर ज्वारी शिवेवरच्या दगडावर रात्रभर ठेवायची, सकाळी पुजारा दाणे दोन-दोन करून मोजतो. जोडी जुळली तर आत जायचं, एक उरला तर परत फिरायचं.

विश्वास बसला नव्हता, पण पोरीसाठी मी काहीही केलं असतं. मग काय, मास्तर कामाला लागले! दिवाळीच्या सुट्टीतले दिवस ठरवले, बैलगाडी सांगितली, तापी कुठे उतरायची, शिधा किती, सगळं कागदावर मांडलं. जंगल खात्याचा परवानाही मिळवला, तो एकाच दिवसाचा मिळाला. त्यात दाण्यांसाठी रात्र कुठून आणायची? बायकोनं ज्वारीची पुरचुंडी माझ्या खिशात घातली आणि एवढंच म्हणाली, "आधी मायले इचारा. मंग आत जावा." मी हो म्हणालो आणि विसरलो. खरं तर विसरलो नाही, टाळलं.

डोंगरातल्या पाड्यावर पोचलो तेव्हा परवान्याचा दिवस उजाडला होता. म्हाताऱ्या पुजाऱ्यानं माझा कागद उलटसुलट पाहिला आणि मोडक्या अहिराणीत म्हणाला, "कागद साहेबना शे. रान मायनं शे. मायले इचारं नही, ते मी येवाव नही." तो बरोबर येणार नाही म्हटल्यावर मला राग आला. एवढं करून आलो ते या माणसाच्या लहरीवर परत जायला? रानाच्या राखणदाराकडून वाट समजून घेतली, कमळीला पाठीवर घेतलं आणि निघालो.

शिवेवरचा शेंदूर फासलेला दगड ओलांडला तेव्हा टळटळीत दुपार होती. चार पावलांवर रान एकदम गप्प झालं. पाखरू नाही, किडा नाही. बुंधे इतके जाड की वाट त्यांच्याआडून चोरून निघाल्यासारखी. मागे पाचोळा वाजत होता. मी थांबलो की थांबायचा, चाललो की वाजायचा. अर्ध्या घटकेनं समोर एक दगड आला. शेंदूर तोच. वाट चुकलो असं समजून पुन्हा आत शिरलो, पुन्हा त्याच दगडाशी आलो. कमळीचे हात माझ्या गळ्याभोवती आवळत चालले होते. मी घाबरलो होतो, हे आज कबूल करतो.

तिसऱ्यांदा आलो तेव्हा दगडापाशी एक म्हातारी बसली होती. मी घाईघाईनं परवाना पुढे केला. तिनं तो न बघताच दगडाखाली सारला आणि हात पसरूनच ठेवला. "आते इचार," म्हणाली. तेव्हा कुठे पुरचुंडी आठवली. मी ज्वारी तिच्या ओंजळीत ओतली, पोरीला पाठीवर तसंच धरून गुडघे टेकले आणि आयुष्यात पहिल्यांदा खरोखर विचारलं, "माय, येऊ का?" ती दोन-दोन दाणे बाजूला सारत गेली.

"एक उरना. आज नही. मांगे फिर."

मला रडू फुटलं. पोरीचा आवाज आतच कुठेतरी आहे अशी माझी खात्री झाली होती आणि आता हातचं सोडून परतायचं होतं. पण भांडायची ताकदच उरली नव्हती. "तुझी मर्जी," म्हणून मी उठलो आणि पाड्याकडे वळलो. दहा पावलं गेलो असेन. मागे पाचोळा वाजला. मी मान वळवणार, तोच कानाशी अगदी हळू आवाज आला.

"बाबा, मांगे देखू नका."

पाच महिन्यांनी ऐकलेला माझ्या पोरीचा आवाज. मी मागे पाहिलं नाही. पाडा येईपर्यंत रडत चालत राहिलो.

दुसऱ्या दिवशी राखणदार परवाना परत घेऊन आला. माझ्या वहाणांच्या ठशांवर दगडापर्यंत वाघाची पावलं होती, तिथे तो बराच वेळ बसलेला दिसत होता, असं तो म्हणाला. म्हातारीची पावलं होती का, हे मी विचारलं नाही. कमळीला काय दिसलं तेही विचारलं नाही. तिनंही कधी सांगितलं नाही, एरवी तिचं तोंड दिवसभर बंद नसतं.

त्यानंतर दर दिवाळीला बायको पुरचुंडी बांधते, मी ती शिवेवर ठेवून येतो आणि रात्रभर पाड्यावर थांबतो. परवाना काढत नाही, दिवस ठरवत नाही. इतक्या वर्षांत दर खेपेला एक दाणा उरला आहे. राई मी अजून आतून पाहिलेली नाही. उरलेला तो दाणा घरी आणतो, कमळीच्या हातावर ठेवतो आणि दगडाच्या दिशेनं हात जोडतो.