इस्तारीचा पाठमोरा फोटो

चामोर्शीचा जलालुद्दीन धंद्यानं शिंपी आणि हौसेनं फोटोवाला. १९५४ साली चांद्याहून त्यानं एक जुना डबा कॅमेरा आणला आणि गावाला हसायला कारण मिळालं. एका रिळात फोटो निघायचे आठ. त्यातही हा गडी टिपायचा काय, तर पांढऱ्या पाण्यात एकटा बगळा, नाहीतर शेताच्या मोकळ्या धुऱ्यावर कुणाची छत्री. चांद्याहून फोटो धुऊन आले की लोक म्हणायचे, "जलालभाऊ, कागद तं सारा कोराच हाय!"

"शिवणीत कापडाची माया सोडा लागते, तशी फोटोत जागा," तो म्हणायचा. त्याची बायको खुर्शीदा कपाळावर हात मारून घ्यायची.

तलावात मासे धरणाऱ्या इस्तारीच्या लेकीचं, गोकुळाचं लग्न कुरखेड्याला ठरलं. आईवेगळी पोर. तिनं एकच मागितलं, "चाचा, बाबाचा अन् माहा एक फोटो काढून द्या. सासरी नेतो."

जलालुद्दीन हरखला. आजवर त्याच्याकडे कुणी आपणहून फोटो मागितला नव्हता. रिळातले सात संपले होते. सातवा आठवड्यापूर्वी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, इस्तारीवरच गेला होता, सकाळच्या पांढऱ्या पाण्यावर डोंगा हाकणारा, पाठमोरा, बोटाएवढा. उरलेला एक त्यानं गोकुळासाठी राखला.

तो गेला तेव्हा पोरीला हळद लागलेली. दोघांना उन्हात आणा म्हणून त्यानं विनवलं, तर आत्या भागीरथाबाई आडवी आली. "हळदीच्या अंगानं पोरगी मांडवाबाहेर जाईन? नाई म्हंजे नाई!" मांडव जांभळीच्या डहाळ्यांनी गच्च झाकलेला. सावलीत या डब्याला काही दिसत नाही, हे जलालुद्दीनला पक्कं ठाऊक होतं. पण नवरीला नाही म्हणायला जीभ रेटेना. त्यानं तिथंच कळ दाबली.

फोटो आले तेव्हा आठवा काळाठिक्कर. गोकुळा कधीच सासरी गेली होती. जलालुद्दीनला दोन दिवस जेवण गेलं नाही.

आखाडीच्या सणाला ती माहेरी आली. त्यानं तोंड लपवलं नाही, एवढं त्याचं कौतुक करायलाच हवं. सातवा फोटो घेऊन तो तिच्या दारात गेला. "बेटी, तुहा फोटो बिघडला. चूक माहीच हाय. बाबाचा हा एवढाच हाय."

भागीरथाबाईनं डोकावून पाहिलं. "अवं माय! याचं तं तोंडच दिसत नाई!"

गोकुळानं फोटो हात लांब करून धरला.

"आत्या, लहानपनी मी पेज घेऊन पाळीवर उभी राहत होती नं, तवा बाबा एवढाच दिसे. मी हाक मारली का डोंगा वळवे." तिनं डोळे पुसले. "चाचा, हे तुमाले कसं मालूम?"

त्याला कुठलं मालूम! मोकळं पाणी आवडलं आणि त्यानं कळ दाबली होती. घरी येऊन त्यानं हे सगळं खुर्शीदाला सांगितलं.

"अल्लाचे लई उपकार, खुर्शीदा," तो म्हणाला. "त्या दिवशी मी पाळीवरच थांबलो, जवळ गेलो नाई."