निखाऱ्यांवर ओतलेलं पाणी
बेंगळुरूतल्या आमच्या जे. पी. नगरात सकाळी कुणी सांब्राणी, म्हणजे ऊद, जाळली, की त्या उग्र गोड वासाबरोबर मला एक घर आठवतं. दवाखान्यातून बरी होऊन गेलेली मुलं पुन्हा भरती का होतात, याचा आमचा अभ्यास चालू होता आणि मी घरोघरी जाऊन विचारपूस करायचे. त्या घरातली तान्ही मुलगी दम लागून सारखी दवाखान्यात यायची. मी पोहोचले तेव्हा तिची नुकतीच अंघोळ झाली होती. पिढ्यान्‌पिढ्या याच शहरात राहिलेली तिची आजी निखाऱ्यांवर सांब्राणी टाकून, वर टोपली पालथी घालून, केस वाळवायला नातीला त्या धुरावर धरून बसली होती. पोर खोकत होती. “आजी, या धुरानंच तिला दम लागत असेल,” मी चाचरत म्हटलं आणि बोलणी खायची तयारी ठेवली. “हिच्या आईला, मामांना, सगळ्यांना मीच धुरी दिली,” ती म्हणाली. मग नातीच्या छातीला कान लावून बराच वेळ ऐकत राहिली. “सरी,” म्हणजे ‘बरं’, एवढंच म्हणाली, नात माझ्या हातात दिली आणि तांब्याभर पाणी निखाऱ्यांवर ओतलं. चर्र आवाज झाला. “केस उन्हात वाळतील की!” म्हणत तिला घेऊन ती गच्चीवर गेलीसुद्धा. मी थक्क होऊन त्या विझलेल्या निखाऱ्यांकडे बघत राहिले. जन्मभराची रीत इतक्या सहज विझवता येते? अजूनही सांब्राणीचा वास आला, की माझे हात बाळ धरल्यासारखे आपोआप छातीशी येतात.