भिलाई ते नागपूर, रुसलेल्या क्रूझ कंट्रोलसह

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सोमवारी प्रार्थनेआधी बूट तपासले जायचे. पांढरे, कॅनव्हासचे. नलूचे कधीच पांढरे नसत. मग ती फळ्यापाशी पडलेला खडूचा तुकडा उचलून बाकाखाली बसायची आणि बुटांना खडू फासायची. मी दाराशी उभी राहून सिस्टर येतात का ते पाहायची. दर वेळी आम्ही पकडल्या जायचो त्या निळ्या स्कर्टवर पडलेल्या भुकटीमुळे.

तीच नलू परवा, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वासहाला दुर्गला तिच्या फाटकाशी थर्मास घेऊन उभी होती. मी भिलाईच्या सेक्टर दहाहून गाडी घेऊन निघाले होते. तिच्या मुलीने, मुग्धाने, नागपुरात नवा फ्लॅट घेतलाय. तिथे जेवायला जायचं होतं. भिलाईहून अंतर अडीचशे किलोमीटरच्या थोडं वर, रस्ता चौपदरी, फास्टॅग भरलेला असला की चहापाण्यासकट पाच-साडेपाच तास पुरतात.

पण ही माझी परीक्षाही होती. माझा उजवा गुडघा दुखरा आहे. अ‍ॅक्सिलरेटर तासन्‌तास दाबून ठेवला की तो आखडतो. म्हणून मी क्रूझ कंट्रोलची गाडी घेतली: वेग ठरवून बटण दाबलं की गाडी तो स्वतः सांभाळते, पाय मोकळा. पुण्याहून निखिलने, माझ्या मुलाने, अट घातली होती, "आई, एकदा जाऊन ये. वाटेत कोणाला मदतीला बोलवावं लागलं, तर गाडी विकायची." मी हो म्हणून बसले होते.

दुर्ग सोडलं, रस्ता मोकळा झाला. ऐंशीचा वेग धरून मी स्टिअरिंगवरचं 'सेट' दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. समोर क्रूझचा दिवा लागलेला, पण पाय उचलला की वेग उतरतो.

"कावून थांबवून राहिली वं?" नलूने विचारलं.

"क्रूझ लागत नाहीये."

"मंग पायानं चालव ना!"

"दोनशे किलोमीटर?"

तिने समोरच्या कप्प्यातून गाडीचं मॅन्युअल काढलं. माझा गुडघा तिला ठाऊक आहे.

एका चहाच्या टपरीपाशी गाडी उभी केली. नलूने मॅन्युअल उघडून मोठ्याने वाचलं: ब्रेकचा दिवा सतत लागून राहिला तर क्रूझ चालत नाही. मग ती गाडीमागे जाऊन उभी राहिली. मी ब्रेक दाबायची, ती ओरडायची, "लागला!" मी सोडायची, "गेला!" पाच-सहादा झाल्यावर टपरीवरचे ट्रकवालेही तिच्याबरोबर "लागला, गेला" करू लागले. ब्रेक निर्दोष. हॉर्न वाजत होता, आवाजाची बटणंही चालत होती, म्हणजे स्टिअरिंगमधली वायर शाबूत असावी. उरलं ते बटणच. मी साडीपिन काढली.

"ओ मैडम, पिन मत डालो, अंदर एअरबॅग है!" एक ट्रकवाला ओरडला आणि त्याने राजनांदगावच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनचा पत्ता सांगितला. (वाचकहो, पिन खरंच घालू नका.)

"निखिलले सांगायचं नाही," नलू म्हणाली.

"खोटं बोलू?"

"खोटं कुठं? बोलावलं नाही ना कोणाले. आपणच चाललो."

राजनांदगावचे ते इलेक्ट्रिशियन, साहूजी, पन्नाशीतले, नाकावर चष्मा. त्यांनी स्कॅनर जोडला. "दाई, मशीन बोल रही है, सेट वाला बटन कोई दबा के बैठा है." छत्तीसगढीत दाई म्हणजे आई.

"मी तं हातही नाही लावला!" नलू म्हणाली.

बटण अडकलेलं दिसलं की गाडी सावधगिरी म्हणून क्रूझ बंद ठेवते, हे त्यांनी समजावलं. मग टॉर्च लावून बटणाच्या फटीत पाहिलं, आणि हसू लागले. नलूच्या पर्समधला भुवयांचा चिमटा मागून घेतला. हळूच काहीतरी ओढलं. कुंकवाने लाल झालेला, भिजून फुगलेला तांदळाचा दाणा.

"कल पूजा किसने की?"

मी. दसऱ्याला गाडीची पूजा करताना जे बटण सर्वांत उपयोगी, त्याच्यावर सर्वांत जास्त हळदकुंकू आणि अक्षता वाहिल्या होत्या. ओल्या हातांनी, नारळाचं पाणीही शिंपडून.

"अवं, तू देवाले क्रूझवरच बसवलं!" नलू हसत खाली बसली.

साहूजींनी दाणा जमिनीवर टाकला नाही. कपाळाला लावून कागदाच्या पुडीत माझ्या हातात दिला. स्प्रेने बटण साफ केलं, स्कॅनरमधली नोंद पुसली, दोनशे रुपये घेतले. शेजारच्या हातगाडीवरची गरम मुंगोडी, म्हणजे मूगडाळीची भजी, मात्र त्यांनी आम्हाला खाऊ घातली. राजनांदगावात थांबलात तर चुकवू नका.

पुढचा रस्ता सुखाचा. ऐंशीवर सेट केलं आणि पाय खाली टेकवला. देवरीच्या पुढे झाडी दाट होते. माकडांसाठी वेग कमी करा, खाऊ टाकू नका. येणारे ट्रक झेंडूच्या माळा घालून नवरदेवासारखे दिसत होते. एक वाजता मुग्धाकडे पाटवड्यांच्या रश्श्यावर बसलो. मुग्धा गाडी चालवायला शिकतेय. संध्याकाळी वर्धा रोडवर मी तिच्या हाती स्टिअरिंग दिलं, तर नलूने डोळे मिटून घेतले, मुग्धाने मात्र आरसे नीट पाहिले.

दुसऱ्या दिवशी दोन थांबे घेत घरी आले. गुडघा दुखला, खोटं कशाला सांगू. पण जिना चढता आला. निखिलला फोनवर सगळं सांगितलं, दाण्यासकट. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "गाडी राहू दे, आई."

राहील. पण एक दिवस मला गाडी चालवणं बंद करावं लागेल, हे देवरीच्या झाडीतून येताना मनात आलं. म्हणून इथेच लिहून ठेवते. निखिल, गाडी विकायची नाही. ती मुग्धाला द्यायची. तिला रस्ता आवडतो, तुला पार्किंगचीच धास्ती. इन्शुरन्सची फाइल तू ठेव, तुला काळजी करायला आवडतं. साहूजींना दर दसऱ्याला मिठाईचा डबा पोचवावा. आणि नलू आहे तोवर डावीकडची पुढची सीट तिची. ती कितीही ओरडली तरी तिला मागे बसवायचं नाही.