जगाचा शेवट, सही सचिवाची

तुम्ही पोहे खा भिया, तोवर मी माझी इज्जत कशी घालवली ते सांगतो. आणि घालवली कुठे? गेटजवळच्या फळ्यावर, माझ्याच अक्षरात!

तुकोगंजात आमची बारा फ्लॅटची बिल्डिंग. मी तिचा सचिव. फळ्यावर वरती मी पाण्याच्या सूचना लिहितो आणि खाली कोपऱ्यात बिल्डिंगच्या वाचक मंडळाला एखादं पुस्तक सुचवतो. मला नाद कसला, तर जग संपल्यावर उरलेली चार माणसं कशी तगतात, त्या कादंबऱ्यांचा. पण तीन वर्षांत माझं एक पुस्तक कुणी हातात धरलं असेल तर शप्पथ! मंडळाच्या प्रमुख घोरपडे वहिनी तर तोंडावर म्हणाल्या, "भाऊजी, चांगलं सुखात सेव खाताना हे रडगाणं कोण वाचेल?"

लागलं हो मनाला! ठरवलं, काहीही होवो, एक तरी वाचक मिळवायचाच.

शनिवारी सकाळी अख्खा फळा पुसला आणि मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलं, "उद्यापासून नळ कोरडे! टँकर येणार नाही! ज्याच्या घरी साठा, तोच टिकणार! तुमची तयारी आहे?" खाली बारीक अक्षरात कादंबरीचं नाव. हाताला सवय ना, त्याने शेवटी सहीही ठोकली. सचिव! आणि मी खुशीत शहराबाहेर राऊला बहिणीकडे जेवायला गेलो.

संध्याकाळी परत येतो तर काय! गेटमध्ये लोडिंग रिक्षा उभी. शेजारचे पवार त्यातून निळे ड्रम उतरवताहेत.

"काय झालं पवारजी?"

"पाणी बंद होतंय भिया! मिसेसचा फोन आला, परदेशीपुऱ्याहून सीधा ड्रम घेऊनच आलो. टँकर पण नाही येणार!"

"क्या बात करते हो!"

"पक्की खबर आहे. भरा, भरा, टाइम नका घालवू!"

मी तसाच तीन जिने चढलो आणि दारातूनच ओरडलो, "अगं, पाणी बंद होतंय! भर, सापडेल ते भर, कुकरसुद्धा!"

बायको मेथी निवडत होती. "अहो, ते तुमचं पुस्तक आहे."

"कुठलं पुस्तक?"

"फळ्यावरचं! दुपारपासून सगळ्यांना सांगतेय, पण कोणी ऐकेल तर ना. म्हणतात, खाली सचिवांची सही आहे."

म्हणजे मी माझ्याच सूचनेला घाबरलो होतो! धावत जाऊन नळ उघडला. तो एकदा खाकरला, बस्स. अकरा घरांनी मिळून गच्चीवरची टाकी तळापर्यंत उपसली होती. नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, म्हणजे आता थेट परवा. अख्ख्या बिल्डिंगीत एकाच घरात पाणी नव्हतं. ज्या घराला खरं काय ते माहीत होतं, त्या!

शेवटी बादली घेऊन घोरपडे वहिनींच्या दारात गेलो. कान धरले, सगळं कबूल केलं. आत ड्रम, टब, पातेली, सगळं काठोकाठ. वहिनी पोट धरून हसल्या.

"गजब आहात भाऊजी!" तांब्याने माझी बादली भरता भरता त्या म्हणाल्या, "पण काही म्हणा, फळा वाचून मी चहाची किटलीसुद्धा भरून ठेवली. द्या ती कादंबरी, वाचते."

काय सांगू, मी बादली विसरलो! तीन वर्षांनी पहिला वाचक, आणि तोही साक्षात वहिनी!

"फक्त एवढं सांगा," त्या म्हणाल्या, "शेवटी त्या माणसांना पाणी मिळतं का?"

आता आली का पंचाईत!

"म्हणजे वहिनी… तसं बघायला गेलं तर… मी अजून अर्ध्यावरच आहे."

वहिनींचा तांब्या हवेतच थांबला. "अर्धं वाचून आम्हाला सुचवलंत?"

वहिनींनी तांब्या खाली ठेवला आणि अर्धी भरलेली बादली माझ्याकडे सरकवली.

"पुस्तक पुरं करून या, मग उरलेली देते."