फेस धुवायचा नाही

स्वच्छ भांडे आणि निर्जंतुक भांडे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाक्य मी साताऱ्याच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवताना दरवर्षी फळ्यावर लिहीत असे. तेच वाक्य अमेरिकेत, शॉमबर्गला मुलीच्या घराच्या बेसमेंटमध्ये, बिअरच्या बादलीसमोर उभे राहून जावयाला सांगावे लागेल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

बादली शेजारच्या आजोबांची. पत्नी गेल्यावर ते गोरे गृहस्थ वृद्धांच्या निवासात राहायला गेले. घरी बिअर करण्याचा त्यांना जन्मभराचा नाद. तिथे ते शक्य नव्हते. म्हणून झाकणाची मोठी बादली, लांब नळी, चमचा आणि रिकाम्या बाटल्या त्यांनी माझ्या जावयाच्या हवाली केल्या. मागणे एकच केले: चांगली उतरलेली पहिली बाटली मला आणून द्या. जावयाने शब्द दिला, आणि पाठोपाठ दोन खेपा आंबट झाल्या. आजोबांचा वाढदिवस जवळ येत होता आणि तिसरी खेप बिघडली तर चौथीला वेळच उरणार नव्हता.

मी बिअर पीत नाही. पण आंबणे हा माझ्या विषयातला भाग असल्याने मला बेसमेंटमध्ये बोलावणे आले.

पहिल्या खेपेला जावयाने कपड्यांचे ब्लीच वापरले होते. ते जंतू मारते, स्वस्तही असते. परंतु नंतर भांडे भरपूर पाण्याने धुवावे लागते, नाहीतर त्याचा वास पेयात उतरतो. दुसऱ्या खेपेला त्याने आयोडीनचे द्रावण आणले. तेही उत्तम, फक्त पांढरी नळी पिवळी पडली आणि मुलीने, "हळद सांडलीस का रे?" असे विचारून घेतले. दोन्ही द्रव्ये कामाची, प्रमाण बरोबर, तरीही निकाल एकच. अशा वेळी दोष द्रव्यात नसून कृतीत शोधावा.

ओतून देण्यासाठी ठेवलेल्या दुसऱ्या खेपेचा मी वास घेतला. तो मला चांगलाच ओळखीचा वाटला. बिअरला ताकाचा वास येत होता.

मी जावयाला सगळी कृती पहिल्यापासून करून दाखवायला सांगितली, प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत सांगतात तशी. त्याने नळी साबणाने धुतली, आयोडीनमध्ये बुडवली, निथळली आणि ती घेऊन तो जिना चढून स्वयंपाकघरात गेला. मी मागोमाग. त्याने ओव्हन उघडला. आत दिवा लावून मुलीने दह्याचे पातेले ठेवले होते. इथल्या थंडीत दही एरवी लागतच नाही, त्यामुळे ओळखीच्या मराठी घरांतून ओव्हनचा मुख्य उपयोग हाच. जावयाने नळी पातेल्याशेजारी जाळीवर नीट गुंडाळून ठेवली.

"इथे धूळ येत नाही, आई," तो म्हणाला. "आणि लाइटच्या उबेनं पटकन वाळते."

मुलगी पोळ्या लाटत होती. तिचे लाटणे थांबले.

"म्हणजे यार, तू बिअरला विरजण लावत होतास."

तो इतका ओशाळला की आम्हा दोघींना हसू आवरावे लागले. ते फार वेळ आवरले नाही.

आता निवड सोपी झाली. जे धुवावे लागत नाही आणि वाळवावेही लागत नाही, असे द्रव्य हवे होते. म्हणजे नळीला ओव्हनची पायरी चढण्याचे कारणच उरणार नव्हते. दुकानात फॉस्फोरिक आम्लाचे, फेस येणारे एक द्रावण मिळाले. भांडे त्याने ओले करायचे, थोडे थांबायचे, निथळायचे आणि तसेच ओले वापरायचे. राहिलेला फेस राहू द्यायचा.

हे वाचणे सोपे, करणे अवघड. आमच्या घरी भांड्यावर फेसाचा ठिपका दिसला तर ते पुन्हा नळाखाली जाते. मुलीला ही शिस्त मीच लावली. फेसाने भरलेली बादली पाहून तिचा हात आपोआप तोटीकडे गेला. जावईही घुटमळला. आजोबांच्या पोटात जाणार आहे, काही झालं तर, असे पुटपुटला. मी लिटमसची पट्टी बुडवून त्याला रंग दाखवला, हेच आम्ल कोकाकोलाच्या बाटलीतही असते हे समजावले आणि तोटीवरचा मुलीचा हात बाजूला केला.

"राहू दे. धुतलंस, तर पुन्हा पहिल्यापासून."

तिसऱ्या खेपेला ताकाचा वास आला नाही. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगाचा नियम मी इथे मोडला. जुने द्रावण आणि ओव्हन दोन्ही एकदम सुटले, त्यामुळे दोष नेमका कशाचा हे सिद्ध झाले, असे मी म्हणणार नाही. मुलीचे म्हणणे, आजोबांना बिअर प्यायची आहे, सिद्धता नव्हे.

वाढदिवसाला आम्ही निवासात गेलो. आजोबांनी ग्लास उजेडाकडे धरला, वास घेतला आणि एक घोट तोंडात बराच वेळ ठेवला. जावई खुर्चीच्या कडेवर बसला होता. घोट गिळल्यावर आजोबांनी आधी भांडी कशाने निर्जंतुक केली ते विचारले. जावयाने सांगितले. तेव्हा ते हसले आणि म्हणाले, की त्यांची पत्नी तो फेस त्यांच्या पाठीमागे हळूच धुऊन टाकत असे, आणि ते आयुष्यभर न समजल्यासारखे करत आले.

मग त्यांनी रिकामा ग्लास पुढे केला.

"एकच मागितली होती मी," ते म्हणाले. "दुसरी आणलीत ना?"

मुलीने पिशवीत हात घातला.