रेकॉर्ड प्लेअरवर हळदकुंकू

आज खंडेनवमी. आमच्या घरी शिलाई मशीन, मिक्सर, सगळ्यांची पूजा होते. कडेगावहून आलेल्या माझ्या धाकट्या जावेने, सुमनने, ह्यांच्या रेकॉर्ड प्लेअरलाही हळदकुंकू वाहिलं. तेही झाकण उघडून, थेट सुईवर.

"अगं, हे काय केलंस?"

"आवं आक्का, मशीनच हाय न्हवं? वरीसभर गानी म्हनतंय, त्येलाच वगळायचं व्हय?"

ह्यांचा चेहरा उतरला. ही सुई साताऱ्यात मिळत नाही आणि दुसरी घरात नाही. ते ओलं फडकं घेऊन धावले. मी ते काढून घेतलं. ओलं कुंकू पसरतं.

आधी प्लग काढला. मऊ, कोरड्या ब्रशने सुई मागून पुढे, एकाच दिशेने झाडली. बोट लावलं नाही, फुंकरही मारली नाही. फुंकरीबरोबर थुंकी उडते. फिरती थाळी सुक्या कापडाने पुसली. मग प्लग परत लावून रेकॉर्ड लावली. खरखर नाही. हे निवांत खुर्चीत बसले.

मी झाकण लावलं आणि सुमनच्या हातात करंडा दिला. "आता वाहा. वर्षभर धूळ हे झाकण अडवतं, मान त्याचा."

तुमच्याकडे प्लेअरचं झाकण लावतं कोण, आणि उघडं टाकतं कोण? खरं सांगा.