वास येतोय का?

रविवारी सकाळी गाडीत बसल्या बसल्या सर तळहात तोंडासमोर धरायचे, त्यात मोठा श्वास सोडायचे, तो हुंगायचे आणि मग माझ्याकडे वळून हळूच विचारायचे, "वास येतोय का रे?"

"नाही येत, सर."

"नक्की?"

"नक्की."

मग ते पट्टा लावायचे आणि मी गाडी काढायचो. सौदीत कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो. जुबैलच्या आमच्या कंपाउंडपासून प्लांटपर्यंतचा रस्ता सरळसोट, एका बाजूला पाइपांच्या रांगा आणि दुसऱ्या बाजूला वाळू. प्लांटचं गेट दिसलं की प्रश्न पुन्हा एकदा यायचा. गंमत अशी, की ज्या बिअरच्या वासाची त्यांना एवढी धास्ती होती ती शुक्रवारी दुपारी प्यायलेली असायची, आणि तीही युरोपातल्या कुठल्या तरी गावात. त्यानंतर विमानप्रवास झालेला, घरी येऊन अंघोळ झालेली, रात्रभर झोप झालेली. वास राहील कुठून? पण सरांना हे पटायचं नाही. प्लांटमधल्या गॅस डिटेक्टरचं सगळं खातं या माणसाकडे होतं. कुठे किंचित वायू गळला तरी यंत्राला कळलं पाहिजे, हे बघणं हे त्यांचं काम. स्वतःच्या बाबतीत मात्र यंत्रावर विश्वास नाही, माझ्या नाकावर होता.

सर आणि वहिनी आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत. मूळचे नाशिकचे. मुलगी शिकायला पुण्याला गेली, घर रिकामं झालं, आणि वहिनींनी युरोपची टूम काढली. वहिनी इथल्या इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवायच्या. त्यामुळे सुट्ट्या, व्हिसा आणि विमानांच्या वेळा यांची गणितं त्यांना चुटकीसरशी सुटत. गुरुवारी संध्याकाळी दमामहून उडायचं, शुक्रवार तिकडे घालवायचा, शनिवारी संध्याकाळी परत. पुढे पुढे त्यांना बिअरच्या जत्रांचा छंद लागला. जत्रा हा त्यांचाच शब्द. कधी प्रागच्या बाजूला, कधी बेल्जियममध्ये, आणि दरवर्षी एकदा म्युनिकजवळच्या एका लहान गावात. तिथला तंबूवाला म्हणे आता यांना ओळखायचा.

आमच्यातले काही जण मधूनमधून पूल ओलांडून बहारीनला जाऊन यायचे, घसा ओला करायला. सर कधीच गेले नाहीत. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "बहारीन फार जवळ आहे. वास उतरायला वेळ मिळत नाही." इथल्या दुकानांत बिनदारूची माल्टची बाटली उघड्यावर मिळते, सफरचंदाची, डाळिंबाची. आमची पोरंही ती पितात. सर तिलाही शिवत नसत. त्यांच्या हातात कायम लबन, म्हणजे इथलं घट्ट ताक. आता एवढा सोवळा माणूस सगळा खंड ओलांडून लिटरभर बिअर प्यायला जातो, यावर आम्ही मंडळी हसायचो. तुम्हीही हसला असता.

एकदा वहिनींनी मला मोबाइलवर त्या जत्रेचा व्हिडिओ दाखवला. लांबलचक बाकं, बँड वाजतोय, आणि एका बाकावर उभे राहून सर एका अगडबंब म्हाताऱ्याच्या गळ्यात हात टाकून डोलताहेत. तोंड उघडं टाकून हसताहेत. मी त्यांना रोज बघणारा, पण हे दात मी कधी पाहिले नव्हते. तेवढ्यात सर आतून आले, पडद्यावर काय आहे ते त्यांनी पाहिलं आणि कान लाल होऊन तसेच परत आत गेले.

वहिनी मोबाइल खाली ठेवत म्हणाल्या, "पंचवीस वर्षांच्या संसारात हे हसू मला घरात दिसलं नाही. तिथे दिसतं. म्हणून मी तिकिटं काढते. मला ती कडू बिअर आवडते असं वाटलं का तुम्हाला?"

त्या वर्षी सरांच्या आई आल्या. फॅमिली व्हिजिटचा व्हिसा बरेच महिने अडकला होता, तो अचानक सुटला, आणि म्युनिकच्या जत्रेची तिकिटं आधीच निघालेली होती. आई तशा काटक होत्या. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. त्यात त्यांना जत्रेतून आणलेला तो जाडजूड कानवाला काचेचा मग सापडला. वहिनींनी त्यात झारे आणि पळ्या उभ्या करून ठेवल्या होत्या. एवढा चांगला पेला आणि त्यात झारे ठेवता, असं म्हणून आईंनी तो घासूनपुसून लखलखीत केला.

शुक्रवारी आम्ही पाचसहा मराठी घरं त्यांच्याकडे जेवायला होतो. आईंनी सगळ्यांना साध्या पेल्यांत ताक दिलं आणि लेकाला कौतुकानं त्या मगात, वर चांगला बोटभर फेस आलेलं. कुणीतरी दबक्या आवाजात "चीअर्स" म्हणालं. सगळे ताटात बघून हसू दाबायला लागले, मीही. सरांनी तो मग दोन्ही हातांनी उचलला आणि मान खाली घालून एका दमात सगळं ताक संपवलं. त्यांच्या मिशीला फेस लागला होता आणि डोळे भरले होते. मला हसल्याची लाज वाटली.

त्यानंतरच्या एका सकाळी वाळूचं वादळ होतं. समोरचं काही दिसेना, म्हणून गाडी बाजूला घेऊन आम्ही बसून राहिलो. मी न विचारताच सरांनी सांगायला सुरुवात केली.

त्यांचे वडील प्यायचे. नाशिकला कामगार वस्तीत दोन खोल्यांचं घर. संध्याकाळी कडी वाजली की आई यांना दार उघडायला पाठवायची. दार उघडायचं, वडील आत येताना त्यांचा वास घ्यायचा आणि वळून चुलीजवळ बसलेल्या आईकडे बघायचं. वास नसेल तर मान आडवी हलवायची, मग आई तवा ठेवायची. वास असेल तर मान उभी हलवायची. मग आई धाकट्या बहिणीला उचलून मागच्या दारानं शेजारी पोचवायची आणि परत येऊन उभी राहायची. पुढे जे व्हायचं ते सरांनी सांगितलं नाही.

"मी कधी चुकलो नाही," ते म्हणाले. "म्हणजे, एकदाच चुकलो. त्याने वेलची खाल्ली होती. मी मान आडवी हलवली." मग ते वायपरकडे बघत म्हणाले, "आता माझीच मला लाज वाटते. बाप कोपऱ्यावर जाऊन प्यायचा, मी विमानाने जाऊन पितो. त्याला तिकीट लागत नव्हतं, एवढाच फरक."

मी म्हणालो, असं कसं सर, तुम्ही कुणाला बोटही लावत नाही. त्यावर ते म्हणाले की आईला हे कळता कामा नये. बाकी जग काय म्हणेल ते म्हणो.

मला वाटलं, आता तिकिटं रद्द होणार. पण वहिनी अडून बसल्या, आणि आईंनीच निकाल लावला. माझ्यासाठी तिकिटं कशाला वाया घालवता, मी समोरच्यांकडे राहीन, जा दोघं फिरून या, असं त्या म्हणाल्या. सरांनी त्यांना सांगितलं की तिकडे राजवाडे बघायचे आहेत. आणि खोटं पडू नये म्हणून जाण्याआधीच त्यांनी राजवाड्यांचे फोटो मोबाइलवर उतरवून घेतले.

शनिवारी त्यांना आणायला मी दमामच्या विमानतळावर गेलो. वहिनी खुशीत होत्या. सरांनी नवा शर्ट घातला होता, गाडीत बसल्यावर त्यांनी तळहात तोंडासमोर धरला, आणि मग जुबैलपर्यंत तो प्रकार किती वेळा झाला ते विचारू नका. पेट्रोल पंपावर उतरून त्यांनी दात घासले. वहिनींनी पर्समधून वेलची काढून पुढे केली, तेव्हा मात्र त्यांनी ती घेतली नाही. "वेलची नको," एवढंच म्हणाले.

मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान होत होती तेव्हा आम्ही जिना चढलो. आई दुपारपासूनच आमच्याकडून उठून लेकाच्या घरात जाऊन बसल्या होत्या, असं माझ्या बायकोनं मला फोनवर सांगितलं होतं. लेक येईल तेव्हा दार मीच उघडणार, दुसऱ्या कुणी उघडायचं नाही, असं बजावून त्या दाराजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी बॅगा घेऊन मागे उभा. सरांनी बेल दाबली आणि एक पाऊल मागे सरकले.

दार उघडलं. सरांनी चेहरा बाजूला वळवला आणि श्वास कोंडून धरला. पन्नाशीचा माणूस, एका खात्याचा प्रमुख, आपल्याच दारात चोरासारखा उभा. आई पुढे आल्या. त्यांनी सरांच्या गालाला हात लावून चेहरा आपल्याकडे वळवून घेतला आणि अगदी उघडपणे, नाक जवळ नेऊन वास घेतला. मी जिन्याकडे बघायला लागलो. कुठे बघावं ते कळत नव्हतं.

"येतोय," आई म्हणाल्या. "पण भीती नाही वाटत. ये आत."

सर हलले नाहीत. बूट न काढता ते उंबऱ्यातच उकिडवे बसले आणि त्यांनी दोन्ही तळहातांत तोंड झाकलं. वहिनींनी माझ्या हातातल्या बॅगा घेतल्या आणि मी मुकाट घरी आलो.

दोन दिवसांनी आई आमच्याकडे लसूण सोलत बसल्या होत्या. त्या आपण होऊन म्हणाल्या, "सहा वर्षांच्या पोराला मी दारात उभं करायची. मला भीती वाटायची म्हणून. दार मी उघडायला पाहिजे होतं." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "तो पेला कशाचा आहे ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हटलं, माझ्यासमोर एकदा उजळ माथ्यानं पिऊ दे त्यातून काहीतरी. तर तो रडायलाच लागला." त्यांची नजर वर आली नाही. आई आणि मुलगा दोघंही एकाच गोष्टीसाठी लाजत होते आणि दोघांनीही ती एकमेकांपासून लपवली होती.

त्याआधी, परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी गाडीत सरांचा हात सवयीनं वर गेला होता. त्यांनी श्वास सोडला, हुंगला, आणि मला काही विचारलं नाही. मी वाट बघत होतो. गेट आलं तरी विचारलं नाही.

आई परत गेल्या. पुढची दोन वर्षं सर आणि वहिनी जत्रांना जात राहिले, आणि आता परत आल्यावर सर आम्हाला तिथल्या गोष्टी स्वतः सांगायचे. मग नाशिकहून कळलं की आईंना माणसं ओळखू येईनाशी झाली आहेत. सरांनी फायनल एक्झिट घेतली, म्हणजे सौदी कायमची सोडली. एवढी नोकरी, एवढा पगार, असं लोक म्हणाले. वहिनींनी शाळेतून राजीनामा दिला आणि जत्रेतला तो काचेचा मग आमच्याकडे ठेवून गेल्या. रविवारी माझ्या शेजारची सीट रिकामी असते. नवा मुलगा आला आहे तो स्वतःच्या गाडीने जातो.

गेल्या सुट्टीत मी मुद्दाम नाशिकला गेलो. सरांच्या फ्लॅटची बेल वाजवली. त्यांनीच दार उघडलं. केस बरेच पिकले होते. मी वाकून नमस्कार करणार तेवढ्यात ते पुढे झुकले, माझ्या तोंडाजवळ आले आणि त्यांनी खोल वास घेतला.

आत समोरच खाटेवर आई बसल्या होत्या. अंग आक्रसलेलं, पदर मुठीत धरलेला, डोळे सरांच्या पाठीवर खिळलेले. सर वळले. आईकडे बघून त्यांनी मान आडवी हलवली, सावकाश, लहान मुलं हलवतात तशी. आईंची मूठ सैल झाली.

"सॉरी रे," सर खालमानेनं म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "प्रत्येकाचा घ्यावा लागतो. दूधवाल्याचाही. नाहीतर ती रात्रभर बसून राहते."

"येतोय का, सर?" मी विचारलं.

"नाही येत," ते म्हणाले. "ये आत."